पिवळा ठिपका, निळा ठिपका

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या पुढे. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे बंद. मी चाकणला एका पार्ट्स कंपनीत प्लॅनिंगला आणि आमची सगळी हाउसिंगची, म्हणजे पार्टच्या बाहेरच्या कवचाची, कास्टिंगं (ओतीव नग) कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येणारी. गाडी भरून तयार होती, पण पुराच्या पलीकडे.

बाहेरच्यांना वाटतं, स्टॉक म्हणजे आहे किंवा नाही. आमच्याकडे एका हाउसिंगचे ११ कोड. कोणाला सेन्सरचं भोक, कोणाला नाही, कोणाच्या आट्याचा साइज वेगळा. ज्या कोडचा माल कस्टमरच्या लाइनला दुसऱ्या दिवशी हवा होता, त्याचं कच्चं कास्टिंग, पिवळ्या ठिपक्याचं, सिस्टीममध्ये शून्य. लाइन थांबली की डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, आमच्या नावावर. सकाळपासून मी नुसते फोन करत होतो.

दुपारी स्टोअरमधले मामा म्हणाले, "साहेब, ते निळ्या ठिपक्याचं सहाशे पडलंय की. ते आणि पिवळं एकच हाय."

मी हसलो. मामांनी दोन्ही नग सरफेस टेबलावर शेजारी ठेवले. हाइट गेज लावला, बॉसची, म्हणजे नगावरच्या उंचवट्याची, जाडी मोजली, उलटं करून पुन्हा मोजली. कुठेच फरक नाही. फाउंड्रीच्या मालकांना फोन लावला. पाणी त्यांच्या शेडच्या पायरीला लागलेलं, तरी माणूस शांत. "पॅटर्न एकच, कोअर एकच. तुमच्या ऑफिसनं दोन नंबर मागितले म्हणून आम्ही दोन रंगांचे ठिपके मारतो."

म्हणजे ओतायचा साचा एकच. फरक पडत होता तो आमच्या मशीनवर, भोक पाडताना. कच्च्या मालाला वेगळे कोड दिले होते ते कॉस्टिंगवाल्यांच्या सोयीसाठी. निळ्याचं पिवळं करायला कोडापलीकडे काहीच आड येत नव्हतं, आणि हे मामांना ठाऊक, फाउंड्रीला ठाऊक, व्हीएमसीवरच्या (भोकं पाडायच्या मशीनवरच्या) पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते प्लॅनिंगला, म्हणजे मला.

मशीनिंग रात्रीत उरकलं. डेव्हिएशनच्या, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं करायच्या परवानगीच्या, कागदावर चार सह्या मिळवायला त्याहून जास्त वेळ गेला. क्वालिटीच्या साहेबांनी तर "आधी असं कधी केलंय का?" एवढंच तीनदा विचारलं. लाइन वाचली, जेमतेम.

फोन ठेवता ठेवता फाउंड्रीवाले जे बोलले ते मात्र अजून डोक्यातून जात नाही. "पुढच्या आठवड्याला पिवळं लागणार हे कळलं असतं, तर गाडी रविवारीच सोडली असती." पुढच्या तीन महिन्यांचं शेड्यूल माझ्या लॅपटॉपवर होतं. मी त्यांना एकाच आठवड्याचं पाठवायचो. व्हेंडरला जास्त कळलं की महिनाअखेरीस जादा माल गळ्यात मारतो, हे आमच्या खात्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. मीही नव्या पोरांना शिकवलंय.

आता सहा आठवड्यांचं पाठवतो. मॅनेजरला सांगितलेलं नाही.

११ कोड तसेच आहेत. मामा निवृत्त होताना त्यांच्याकडून एक कागद लिहून घेतला, कुठलं कास्टिंग कशाच्या जागी चालतं त्याचा. पेन्सिलीतला तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. जुलै २०२१ मध्ये हायवे पुन्हा बंद झाला तेव्हा मी धावत जाऊन कपाट उघडलं. दरम्यान दोन नवे कोड आले होते. त्यांच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.