अंजिराचा चीक

पुरंदर तालुक्यातील एका अंजीर बागायतदारांच्या एकसष्टीचा स्वयंपाक गेल्या मार्चमध्ये माझ्याकडे आला, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती : पानातील प्रत्येक पदार्थात त्यांच्या बागेतले ताजे अंजीर असले पाहिजे. या भागातील अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याचा अभिमान काकांच्या बोलण्यात पदोपदी डोकावत असे. मिठा बहार, म्हणजे अंजिराचा उन्हाळी हंगाम, नुकताच सुरू झाला होता. पहाटे तोडलेली फळे पाने अंथरलेल्या पाट्यांतून सकाळी सातलाच आमच्यापुढे आली. त्यांतली बरीच अजून घट्ट होती आणि देठाशी पांढरा चीक दिसत होता. पण ऐंशी पानांच्या गडबडीत मी तिकडे लक्ष दिले नाही.

वीस लिटर दूध निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवून, साखर-वेलची घालून बासुंदी कोमट होण्यासाठी ठेवली होती. अंजिरे सालीसकट वाटून तो गर मदतनीस मुलीने माझ्याच सांगण्यावरून तीत मिसळला. मी सासवाची, म्हणजे फळाच्या फोडी घालून करतात त्या मोहरी-खोबऱ्याच्या तिखट-गोड कालवणाची, मोहरी वाटत होते, तोच तिची हाक आली, "ताई, बासुंदी फाटली बघा!" पातेल्यात कण वेगळे झाले होते आणि कडेला पाणी सुटले होते. चव घेतली, तर गोडाच्या मागून कडवटपणा जिभेवर रेंगाळला.

मी दूध देणाऱ्यालाच दोष देऊ लागले. सकाळपासून देठ खुडत बसलेल्या मावशींनी मात्र काही न बोलता आपली लाल झालेली, खाजरी बोटे माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "दूध कशाला वाईट असेल? हा चीक पपईच्या चिकासारखाच. मटणाला कच्ची पपई लावता ना तुम्ही?" खात्री करण्यासाठी त्याच दुधाच्या दोन वाट्या कोमट केल्या. एकीत कच्चा गर घातला, दुसरीत चांगला उकळून गार केलेला. पहिली वाटी थोड्याच वेळात दह्यासारखी धरली. दुसरी जशीच्या तशी राहिली. अंजिराच्या चिकात फिसिन नावाचे विकर असते. ते दुधातील प्रथिन तोडते, कोमट दुधात त्याचा जोर वाढतो आणि उकळल्यावर तो नाहीसा होतो, हे मी एकेकाळी वाचले होते. पण वाचलेले ऐन वेळी आठवेलच असे नाही.

फाटलेली बासुंदी पाहुण्यांना वाढण्याचा प्रश्नच नव्हता. काकांच्या गोठ्यातून बारा लिटर दूध मिळाले. ते आटत असताना सोललेली अंजिरे थोड्या साखरेबरोबर स्वतःच्याच रसात पंधरा मिनिटे रटरटवली आणि दोन्ही पूर्ण गार झाल्यावरच एकत्र केली. बासुंदी वाट्या भरून न देता पळ्यांनी वाढावी लागली, पण रंग सुरेख आला. सासव त्या मानाने बिनबोभाट पार पडले : पूर्ण पिकलेल्या अंजिरांचे चार भाग, ओले खोबरे, सुकी मिरची, मोहरी आणि अगदी चिमूटभर गूळ. हे फळ मुळातच इतके गोड असते की त्यात आंब्याच्या सासवाइतका गूळ घातला, तर तो पदार्थ तिखटाचा राहतच नाही.

उरले मटण. बोकड जून निघाला होता आणि पपई आणायला सासवडला जावे लागणार होते. तेव्हा मावशींचेच बोलणे धरून, तीच घट्ट, चिकाळ अंजिरे आले-लसणाबरोबर वाटली, किलोला दोन या मापाने मटणाला चोळली आणि पाऊण तासाने ते चुलीवर चढवले. त्याहून अधिक वेळ ठेवले असते, तर मटणाचा भुगा होण्याची भीती होती. एरवी वेळखाऊ ठरणारे ते मटण पंगतीच्या बरेच आधी बोटाने तुटेल असे शिजले.

जेवताना काकांनी रस्सा दोनदा मागून घेतला, वाटी पळीने ढवळून पाहिली आणि मला बोलावून विचारले, "यात आमचं अंजीर कुठं आहे?" मी सगळी हकिकत सांगितली, तरी फोड दिसत नाही म्हणजे अट मोडली, यावर ते अखेरपर्यंत ठाम होते.