आमची वाटचाल : आधी टायमिंग, मग कार्बोरेटर

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सोलापूरच्या अशोक चौकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं तेव्हा पूर्व भागात घरटी यंत्रमागाचा खडखडाट होता. टॉवेल-चादरींचे गठ्ठे व्यापाऱ्याकडे जायचे ते लूना नाहीतर एम-८० वरून. गाडीच्या आवाक्याबाहेरचं वजन, त्यामुळे इंजिन तापून पिस्टन जाम होणं रोजचंच. गिऱ्हाईक तेलुगूत तक्रार सांगायचं, अक्कलकोटकडचं कन्नडमध्ये. अण्णा सगळ्यांना मराठीतच विचारायचे, "कार्बोरेटरच्या स्क्रूला कोणी हात लावला का?" बहुतेक वेळा लावलेला असायचाच.

त्या एका प्रश्नावर आमचा धंदा उभा आहे. गाडी मिसिंग मारायला लागली की माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा कार्बोरेटर पिळतो, कारण तो समोर दिसतो. टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ती वेळ, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या आड असतं, तिथपर्यंत जायचं तर कव्हर खोलावं लागतं. अण्णांचा क्रम ठरलेला होता: पॉइंटचा (उघडला की ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा) गॅप, टायमिंग, मग इंजिन कुठून हवा ओढतंय का ते, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

येझदी मोटरसायकलला पॉइंटचा गॅप ०.४ मिमीच्या आसपास लागतो. पॉइंटचा फायबरचा भाग कॅमवर घासून झिजतो, गॅप बारीक होतो, पॉइंट उशिरा उघडतो आणि ठिणगी मागे पडते. गॅप वाढवला तर तीच ठिणगी लवकर पडते. म्हणजे टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावलात तर केलेली मेहनत वाया.

टायमिंग आम्ही आजही प्लगच्या भोकात डायल गेज (पिस्टन किती हलला ते काट्यावर दाखवणारं माप) बसवूनच लावतो. पिस्टन अगदी वर आणून काटा शून्यावर घ्यायचा, मॅग्नेट थोडा मागे फिरवायचा आणि पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी अडकवायची. कागदाला हलका ताण देत मॅग्नेट हळूहळू पुढे आणायचा. पट्टी सुटली की पॉइंट उघडला, ठिणगी तिथे. त्या वेळी पिस्टन माथ्यापासून किती मिलिमीटर खाली आहे ते गेजवर वाचायचं आणि कंपनीच्या आकड्याशी जुळवायचं. पॉइंटची प्लेट मॅग्नेटच्या फिरण्याच्या उलट दिशेला सरकवली की टायमिंग पुढे जातं, त्याच दिशेला सरकवली की मागे. फार पुढे गेलं तर किक उलटी बसते, चढाला इंजिन खडखडतं आणि वेळेत पाहिलं नाही तर पिस्टनला भोक. मागे राहिलं तर गाडी मरगळते, सायलेन्सर मात्र भाजतो.

यामाहाची आरएक्स १०० आली १९८५ साली आणि गॅरेजचं गिऱ्हाईकच बदललं. गठ्ठेवाल्यांच्या जोडीला कॉलेजची पोरं यायला लागली. तिच्या कार्बोरेटरला हवेचा स्क्रू आहे, आत पिळला की हवा कमी होऊन मिश्रणात पेट्रोल वाढतं. पण त्याचा अंमल थ्रॉटलच्या सुरुवातीलाच. मधल्या टप्प्यात कार्बोरेटरमधल्या निडलची (सुईची) क्लिप, फुल थ्रॉटलला मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक. फुल थ्रॉटलची तक्रार स्क्रूने मिटवायला जाणं म्हणजे पोटदुखीला गुडघ्यावर बाम चोळणं. आम्ही गाडी अक्कलकोट रोडला नेऊन मोकळ्या पट्ट्यात थ्रॉटल पूर्ण धरतो, तसाच स्विच बंद, क्लच दाबून बाजूला. तिथेच प्लग काढून बघायचा. कॉफीच्या रंगाचा असला तर ठीक. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काळा ओला तर जास्त.

शिवाय आपलं ऊन. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, तापलेली हवा विरळ, त्याच जेटवर पेट्रोल जास्त होतं. डिसेंबरच्या पहाटे तीच गाडी लीन जाते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलाबरोबरच जळतं; पिस्टन जाम होऊ नये म्हणून टाकीत जादा ऑइल ओतणाऱ्यांना एवढंच सांगतो, की त्या जेटमधून ऑइल जास्त गेलं म्हणजे पेट्रोल तेवढं कमी गेलं.

१९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली, त्याच वर्षी म्हैसूरचा येझदीचा कारखानाही. चौकातल्या बऱ्याच जणांनी टू-स्ट्रोकची हत्यारं भंगारात घातली. अण्णांनी नाही घातली, आणि आम्हाला पुढे तारलं शेतकऱ्यांनी. पंढरपूरकडचे द्राक्षवाले, सांगोल्याचे डाळिंबवाले पाठीवरचे फवारणी पंप आणि ब्रश कटर घेऊन येतात, ऑक्टोबर छाटणीनंतर तर रांग लागते. त्यात टायमिंग हलवायची सोय नाही, पण फ्लायव्हील (मॅग्नेटचं चाक) दांड्यावर पक्कं धरणारी अर्धचंद्र चावी थोडी जरी कापली गेली की फ्लायव्हील सरकतं आणि टायमिंग बिघडतं. पंप चालू होत नाही म्हणून चार ठिकाणी कार्बोरेटर साफ होऊन आलेला असतो, दोष निघतो नखाएवढ्या चावीत.

आता नवा विषय पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने एवढे की त्याला नावं ठेवायला जीभ धजत नाही. पण पेट्रोल जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. जुन्या जेटवर मिश्रण लीनच पडणार. म्हणून जुन्या गाड्यांना प्लगचा रंग बघून मेन जेट एखादा नंबर वाढवतो, रबरी नळ्या बदलतो, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटची वाटी (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं ती) रिकामी करायला सांगतो.

गाडी आणाल तेव्हा प्लग घासून चकचकीत करून आणू नका, आहे तसा राहू द्या. आणि स्क्रू पिळला असेल तर तेही सांगा, कोणी रागावत नाही.