आमची वाटचाल : कॅमेऱ्यामागचा माणूस

कुत्र्यांच्या बोर्डिंगवाल्यांसमोर फिटचं, म्हणजे अपस्माराच्या झटक्याचं, नाव काढलं की जागा नसते, हे या क्षेत्रातल्या कोणाला वेगळं सांगायला नको. मालक बाहेरगावी नाहीतर रात्रपाळीला, कुत्रं घरी, आणि फिट यायची ती बहुतेकदा झोपेत. सिटर, म्हणजे घरी येऊन कुत्रं बघणारा, दोन वेळा येऊन खाणं, पाणी, औषध उरकून जातो. मधल्या तासांत काय झालं ते ओल्या अंथरुणावरून आणि फरशीवरच्या लाळेवरून ताडायचं. हे मधले तास सांभाळायचे, एवढ्या एका कामासाठी आम्ही फर्म काढली. कॅमेऱ्यामागे जागा माणूस आणि घराजवळ किल्लीचा माणूस, म्हणजे घराची किल्ली असलेला आणि लगेच पोचणारा, दोन्ही असल्याशिवाय काम घ्यायचं नाही, हे तेव्हाच ठरलं आणि आजवर मोडलेलं नाही.

माझा भागीदार आधी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होता. त्याने सगळ्यांना पहिला धडा दिला तो घड्याळाचा. फिट सुरू झाली की आधी घड्याळ, मग कुत्रं. घाबरलेल्या माणसाला दीड मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि डॉक्टरला सांगताना तो दहाच सांगतो. पाच मिनिटांच्या पुढे गेलेली फिट ही थेट इमर्जन्सी. चोवीस तासांत दोन किंवा जास्त आल्या तर ते क्लस्टर, म्हणजे मधे कुत्रं शुद्धीवर आलं तरी डॉक्टरला फोन करायचाच. प्रत्येक टेबलावर म्हणून एक साधं, बटणाचं स्टॉपवॉच असतं. मोबाइलचं चालत नाही, कारण नेमका त्याच वेळी मोबाइल फोनसाठी लागतो.

कॅमेऱ्याबद्दल मी तासभर बोलू शकतो. बहुतेक जण तो छताच्या कोपऱ्यात ठोकतात. वरून पाहिलं की पाय झाडणारं कुत्रं आणि खाजवणारं कुत्रं सारखंच दिसतं. आम्ही तो अंथरुणाच्या उंचीला, तोंडाच्या बाजूने लावतो, म्हणजे जबडा दिसतो. रात्रीसाठी इन्फ्रारेड लागतोच, पण माझ्या मते भिंगापेक्षा माइक महत्त्वाचा: फरशीवर नखांचा खरखर आवाज आणि दातांची करकर चित्राच्या आधी कळते. आणि इन्व्हर्टरवर कॅमेरा घेताना राउटरही घ्या. वीज गेल्यावर कॅमेरा चालू आणि नेट बंद, अशी घरं आम्ही किती पाहिली! गळ्यातल्या पट्ट्यांचे सेन्सरही वापरून झाले. खाजवणं, अंग झटकणं, स्वप्नात पाय मारणं, सगळ्याला ते वाजतात. आणि चेहऱ्याची एकच बाजू उडते, तशा फोकल फिटला मात्र गप्प बसतात. स्वप्न की फिट, हे ओळखायला आमच्याकडे मालकाच्या आवाजातली हाक रेकॉर्ड केलेली असते. शंका आली की स्पीकरवरून ती हळूच वाजवायची. स्वप्नातलं कुत्रं डोळे उघडतं, कान हलवतं. फिटमधलं ओळख देत नाही.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग ती कंपनी आली.

नाव घेत नाही. भांडवल मोठं, माणसं गोड. भागीदारी करू म्हणून आमच्या ऑफिसात येऊन बसले, रात्रपाळी पाहिली, प्रत्येक फिटची नोंद करायचा आमचा तक्ता मागून नेला. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, जाहिरात आली: ॲप स्वतःच फिट ओळखणार, माणसाची गरज नाही, आमच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात. आणि ॲपमधल्या नोंदीचे रकाने आमच्या तक्त्याचेच, त्याच क्रमाने. शेवटी 'नंतर कुठे जाऊन धडकला' हासुद्धा. फिटनंतर कुत्र्याला काही वेळ दिसेनासं होतं, ते गोल गोल फिरतं, भिंतीला धडकतं. धडकण्याची जागा कळली की तिथला कोपरा उशीने झाकता येतो, जिन्याला फाटक लावता येतं. तो रकाना माझ्या भागीदाराने रात्री जागून काढलेला आहे. योगायोगाने कोणाला तो सुचेल, हे मला आजही पटत नाही.

गिऱ्हाइकं गेली. रात्रपाळीची मुलं टिकवता आली नाहीत. दोन स्क्रीन विकावे लागले आणि बराच काळ भागीदार आणि मी आळीपाळीने रात्री बसलो. घरच्यांनी फर्म बंद करायचा विषय काढला होता. तिकडे ॲप इतक्या वेळा वाजायचं की लोकांनी नोटिफिकेशनच बंद करून टाकलं. खरी फिट आली तेव्हा रेकॉर्डिंग उत्तम झालं, दार उघडायला कोणी नव्हतं. परत आलेल्यांपैकी काही जण अजून आम्हाला 'कॅमेरेवाले' म्हणतात. ते लागतं.

त्या काळात हलल्या नाहीत त्या मोतीच्या बाई. त्या स्वतः नर्स, नेहमी रात्रपाळी. त्यांचा कुत्रा मोती फिनोबार्बिटल आणि पोटॅशियम ब्रोमाइड, फिटच्या या दोन्ही औषधांवर. "बघणारा माणूस आहे म्हणून मी वॉर्डात उभी राहू शकते," असं त्या म्हणाल्या आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. त्याच हिवाळ्यात एका पहाटे मोतीने मान मागे टाकली, पाय ताठ झाले. भागीदाराने स्टॉपवॉच दाबलं, दुसऱ्या हाताने शेजारच्या मुलाला फोन लावला. मुलगा दार उघडून आत आला तोवर झटके थांबले होते. पण थोड्याच वेळात दुसरी फिट सुरू झाली. डॉक्टरांनी लिहून दिलेलं मिडाझोलमचं नाकातलं औषध मुलाने दिलं, तोंडाजवळ हात न नेता. फोनवर भागीदार सेकंद मोजत होता. उजाडायच्या आत मोती दवाखान्यात होता. बाईंनी पाळी संपवूनच फोन केला, आधी नाही. एवढा विश्वास मला दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

आता कोणी विचारलं नसलं तरी सांगतो. किल्लीची माणसं दोन ठेवा आणि जाण्यापूर्वी त्यांना फिटचा व्हिडिओ दाखवा. पहिल्यांदा पाहणारा माणूस गोठतो. कुत्रं जीभ गिळत नाही, त्यामुळे तोंडात बोट, चमचा काही घालायचं नाही. घरात दुसरं कुत्रं असेल तर ते वेगळ्या खोलीत, कारण फिट आलेल्यावर ते हल्ला करू शकतं. डायझेपाम, म्हणजे फिट थांबवायचं औषध, सिरिंजमध्ये भरून ठेवू नका, प्लास्टिक ते शोषून घेतं. काचेच्या बाटलीतून ऐनवेळी ओढा. फिनोबार्बिटलचे बारा तास म्हणजे बारा तास, सिटरच्या सोयीने नाही, आणि आपल्या मनाने ते एकदम बंद तर कधीच नाही. ब्रोमाइडवर असलेल्या कुत्र्याचं खाणं अचानक बदलू नका. मीठ कमी-जास्त झालं की रक्तातली औषधाची पातळी हलते. ब्रोमाइड नुकतंच सुरू केलं असेल तर शक्य तो लांबचा प्रवास पुढे ढकला, पातळी स्थिरावायला साधारण तीन महिने जातात.

सध्या रात्रपाळीला पुन्हा पूर्ण माणसं आहेत, स्क्रीनही परत घेतले. किल्लीचा माणूस नसेल त्याला आजही नाही म्हणतो, त्या कंपनीकडून परत आलेला असला तरी. तक्ता मात्र आता मागेल त्याला देतो, आमचं गिऱ्हाईक असो वा नसो. प्रत्येक पानावर वर फर्मचं नाव छापलेलं आहे, ते कापू नका.