कोळिक्कोडची मिश्काल मशीद

कालिकत म्हटलं की शाळेतला वास्को द गामा आणि १४९८ एवढंच आठवतं. आज त्या शहराचं नाव कोळिक्कोड. मिठाई गल्लीत हलवा चाखून झाल्यावर आम्ही रिक्षा केली ती कुट्टिचिऱ्याला, तळ्याकाठची मिश्काल मशीद बघायला.

घुमट नाही, मिनार नाही. वर जाताना लहान होत गेलेले कौलारू मजले, लाकडी झरोके आणि निळा-हिरवा रंग. मलबारातल्या देवळांची छपरंही अशीच उतरती. इथले सुतार तेच आणि पाऊसही तोच, मग मशिदीला वेगळं छप्पर कशाला?

चौदाव्या शतकात ती बांधली मिश्काल नावाच्या नाखुदाने, म्हणजे जहाजमालक व्यापाऱ्याने. त्याची जहाजं चीन, येमेन, इराणपर्यंत जात, असं त्या काळातला प्रवासी इब्न बतूताने लिहून ठेवलंय. पुढे जानेवारी १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने शहरावर हल्ला केला आणि मशीद पेटवली. झामोरिनाच्या, म्हणजे कालिकतच्या राजाच्या, सैन्याने पोर्तुगीजांना पिटाळलं, त्यांचा मार्शल कुतिन्यू त्यात मारला गेला. (याच अल्बुकर्कने त्याच वर्षी गोवा घेतलं, हे आपल्याला जास्त ठाऊक.)

पण मला खरी गंमत वाटली ती दुरुस्तीची. बेपूर नदीच्या मुखाशी चालियम इथे पोर्तुगीजांनी १५३१ मध्ये किल्ला बांधला होता. १५७१ मध्ये झामोरिनाने वेढा घालून तो घेतला आणि पाडला. त्या किल्ल्याचं लाकूड मशिदीच्या डागडुजीला लागलं. मशीद मुसलमान व्यापाऱ्याची, राजा हिंदू आणि लाकूड ज्यांनी ती जाळली त्यांचंच! व्याजासकट वसुली म्हणतात ती हीच.

त्यानंतरही डागडुजी होतच राहिली. मलबारच्या पावसात लाकूड सांभाळायचं म्हणजे ते कायमचंच काम. केरळात कितीतरी जुन्या लाकडी मशिदी पाडून तिथे सिमेंटचे घुमट उभे केलेत. इथे तसं झालं नाही, याचं श्रेय मोहल्ल्याला द्यायलाच हवं.

वेळ असेल तर जवळचीच मुच्चुंदी मशीदही बघा. तिथे झामोरिनाने मशिदीच्या खर्चासाठी नेमणूक करून दिल्याचा जुना शिलालेख आहे, अरबी आणि जुन्या मल्याळममध्ये. नमाजाची वेळ टाळा, आणि आत जायचं तर आधी विचारा.