पगारचिठ्ठी, संप आणि आपला ऊसदर

जर्मनीतली पहिली पगारचिठ्ठी बघितली की कोल्हापूरहून आलेल्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. करारात ४,००० युरो असतात, पण तो 'ब्रुटो', म्हणजे कपातीआधीचा आकडा. पेन्शनला ९.३ टक्के, म्हणजे ३७२ युरो जातात. बेरोजगारी विम्याला १.३ टक्के, आरोग्य विम्याला ७.३ टक्के आणि वर विमा संस्थेच्या जादा दराचा निम्मा भाग. प्राप्तिकर वेगळाच. तरीही "निम्मा पगार करात गेला" असं गावाकडं सांगणं बरोबर नाही. यातला मोठा भाग विमा आहे, आणि पेन्शनमध्ये मालक तेवढीच भर घालतो.

चूक होते ती करवर्गात, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते ठरवणाऱ्या गटात. लग्न झालंय म्हणून कमी कापणीचा वर्ग ३ मिळेल असं धरू नका. बायको कोल्हापुरात असेल तर वर्ग १ च लागतो. पत्ता नोंदवताना धर्माचा रकानाही नीट बघा. चर्च कर प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के असतो. तो हिंदूंना नाही, पण नोंद चुकली तर कापला जातो.

खरं कौतुक वाटतं ते इथल्या कामगार संघटनेचं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून आलेल्याला 'इगे मेटाल' हे धातू कामगारांच्या संघटनेचं नाव लवकरच कळतं. वर्गणी ब्रुटो पगाराच्या १ टक्का. संघटना आणि मालकांची संघटना मिळून पगाराचा करार करतात आणि त्याची मुदत संपेपर्यंत करारात ठरलेल्या गोष्टींसाठी संप करता येत नाही. मुदत संपली की आधी काही तासांचे इशारा-संप होतात. त्या तासांचा पगार जातो. बेमुदत संपासाठी सभासदांचं मतदान होतं आणि ७५ टक्के होकार लागतो. मग संघटना आठवड्याला मासिक वर्गणीच्या १२ ते १४ पट संपभत्ता देते. ४० युरो वर्गणीवाल्याला ४८० ते ५६० युरो. मात्र सभासद होऊन तीन महिने झालेले हवेत. संप लागल्यावर अर्ज भरणारे इथंच फसतात.

हे बघताना आपला ऊस आठवतोच. मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आधी दर जाहीर करा, एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) एकरकमी द्या, हीसुद्धा सामूहिक वाटाघाटीच आहे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाणाऱ्या शेतकऱ्याला ती कुणी शिकवायची गरज नाही. १४ दिवसांत पैसे न दिल्यास १५ टक्के व्याज, हा नियम तर इथल्या लोकांनाही सांगावासा वाटतो. फरक आहे तो थांबण्याच्या ताकदीत. तोड रोखली की ऊस शेतातच उभा राहतो, तुरा येतो, वजन घटतं, पुढच्या पिकाचं रान अडकतं. कारखान्याचं नुकसान होतं, पण शेतकऱ्याचं आधी होतं. त्या दिवसांत त्याला भत्ता देणारा कुठलाच निधी नाही. तरी तो रस्त्यावर बसतो, याचा मला अभिमान आहे. पण टनामागं थोडी वर्गणी बाजूला काढून असा निधी आपल्याकडंही उभा राहायला हवा.

इकडं नोकरीसाठी येणाऱ्यांनी सहीपूर्वी एकच विचारावं: कंपनी 'टारिफगेबुंडेन', म्हणजे सामूहिक कराराला बांधलेली आहे का? नसेल तर पगार, तास, सुट्ट्या एकट्यानंच ठरवून घ्याव्या लागतात. आणि नोकरीवरून काढलं, तर दावा लावायला पत्र मिळाल्यापासून फक्त तीन आठवडे असतात.