मुंबई ते टोकियो: शिकायला जाणाऱ्यांसाठी वाटेचा हिशोब

टोकियोतल्या राष्ट्रीय विद्यापीठाची फी पहिल्यांदा वाचली की आकडा चुकलाय की काय असं वाटतं. वर्षाला ५,३५,८०० येन. १०० येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये धरले तर तीन लाखांच्या आसपास, आणि जपानी विद्यार्थ्यालाही तेवढीच. काही ठिकाणी ती थोडी चढी आहे. टोकियो विद्यापीठाने एप्रिल २०२५ पासून पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी ६,४२,९६० केली, तर जुनं टोकियो टेक (२०२४ पासून इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स टोकियो) २०१९ पासूनच ६,३५,४०० घेतं. वासेदा, केइओ, सोफिया यांसारख्या खासगी विद्यापीठांत दुप्पट ते तिप्पट धरा.

म्हणजे फीमुळे कुणाचं अडत नाही. अडतं ते दोन जागी. एक, टोकियो पहिल्या तीन महिन्यांत एकदम पैसे मागतं. दोन, प्रत्येक कागद ठरल्या तारखेलाच मागतं. पुढचा सगळा हिशोब या दोन गोष्टींचा आहे आणि तो मुख्यतः मास्टर्सला जाणाऱ्यांसाठी आहे, कारण इंग्रजीतून शिकवणारे अभ्यासक्रम तिथेच जास्त आहेत.

निघण्याआधी वर्षभर

बीई, बीटेक झालेल्यांना पहिला अडथळा लागत नाही. बीए, बीकॉम, तीन वर्षांचं बीएस्सी झालेल्यांना लागतो. जपानमध्ये मास्टर्सच्या प्रवेशासाठी एकूण १६ वर्षांचं शिक्षण गृहीत धरतात, आपले बारावी अधिक तीन मिळून १५ होतात. वाट बंद नाही. काही विभाग तीन वर्षांची पदवी थेट मान्य करतात, काही आधी पात्रता तपासून घ्यायला सांगतात. गोची अशी की या तपासणीची मुदत मुख्य अर्जाच्या कितीतरी आधी संपते आणि ती माहितीपत्रकाच्या मधल्याच कुठल्यातरी पानावर असते. अर्जाची तारीख पाहण्याआधी तो परिच्छेद शोधा आणि विभागाला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या.

दुसरं नाव. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी वडिलांचं नाव गायब. जपानमध्ये पासपोर्टवर जे आहे तेच रेसिडेन्स कार्डवर (तिथल्या वास्तव्याच्या ओळखपत्रावर) उतरतं आणि तिथून बँक, विमा, फोन सगळीकडे जातं. अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा आणि गुणपत्रिकेतल्या फरकासाठी एकाच व्यक्तीची दोन्ही नावं असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या.

मग मार्गदर्शक. अनेक विभागांत, विशेषतः विज्ञान-अभियांत्रिकीत, अर्जाआधीच एखाद्या प्राध्यापकाने तुम्हाला घ्यायला अनौपचारिक होकार द्यावा लागतो. ऑक्टोबरच्या प्रवेशासाठी हा पत्रव्यवहार आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू झालेला बरा. ईमेल छोटं हवं: कोण आहात, त्यांच्या कोणत्या निबंधातल्या कोणत्या प्रश्नावर काम करायचं आहे, खर्च कोण उचलणार, कधी यायचं आहे. सोबत एक पानाचा सीव्ही आणि दोन पानांचा संशोधन आराखडा. वीस प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवला तर एकाच विभागातल्या दोघांकडे तो जातो आणि दोघांनाही कळतं. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करावी, मग पुढे जावं.

काही वेळा प्राध्यापक म्हणतात, आधी ‘केनक्यूसेई’ म्हणून या. ही पदवी नसलेली तयारीची अवस्था असते: प्रवेशशुल्क ८४,६००, फी महिन्याला २९,७००. स्वस्त वाटते, पण नंतर मास्टर्सची परीक्षा द्यावीच लागते, पास झाल्यावर २,८२,००० येनचं प्रवेशशुल्क बहुधा नव्याने भरावं लागतं आणि रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पासही सहसा मिळत नाही. थेट मास्टर्सचा अर्ज करता येत असेल तर आमच्या मते तोच करावा. भाषेची किंवा विषयाची तयारी खरोखर कच्ची असेल तरच केनक्यूसेई.

मुदतीबद्दल एक शब्द लक्षात ठेवा: ‘हिच्चाकु’. कागद त्या तारखेपर्यंत पोहोचलेले हवेत, टपालात टाकलेले नव्हे. आणि ऑनलाइन मुदत जपानी वेळेची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेतीन तास आधी संपते. विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात ट्रान्सक्रिप्ट काढायला कित्येक आठवडे जातात, शिफारसपत्रांना त्याहून जास्त. टोफेल, आयल्ट्सचा निकाल दोन वर्षांपेक्षा जुना चालत नाही.

शिष्यवृत्ती

जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती सगळ्यात भक्कम. फी माफ, विमानाचं तिकीट आणि दरमहा मास्टर्सला १,४४,००० तर डॉक्टरेटला १,४५,००० येन. दोन मार्ग आहेत. दूतावासामार्फतचा मार्ग एप्रिल-मेच्या सुमारास उघडतो; कागदांची छाननी, लेखी परीक्षा, मुलाखत झाली की निवडलेल्यांनी ऑगस्टअखेरपर्यंत विद्यापीठाचं तात्पुरतं स्वीकृतिपत्र मिळवायचं. इथे प्राध्यापकाशी आधीच ओळख झालेली असेल तर ते आठवड्यात मिळतं, नसेल तर धावपळ होते. विद्यापीठाच्या शिफारशीचा मार्ग वेगळा: त्यात मेक्स्टच्या ३ गुणांच्या पट्टीवर किमान २.३० सरासरी लागते आणि विद्यापीठ आपली मोजकी नावं सरकारला पाठवतं. एकाच वर्षासाठी दोन्हीकडे अर्ज करता येत नाही. मेक्स्ट मिळाली तरी खिसा रिकामा घेऊन जाऊ नका. पहिली रक्कम खात्यात यायला महिना-दीड महिना जातो, म्हणून सरकारी सूचनापत्रकच सुमारे २,००० डॉलर सोबत आणायला सांगतं.

स्वखर्चाने गेलेल्यांसाठी जासो संस्थेमार्फत महिन्याला ४८,००० येनची शिष्यवृत्ती असते, पण ती बहुतेकांना तिथे गेल्यावर विद्यापीठाच्या निवडीतून मिळते, त्यामुळे बजेटमध्ये धरू नये. फीमाफीचंही तसंच: अर्ज सहसा प्रत्येक सत्राला वेगळा, निकाल सत्र सुरू झाल्यावर. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती नक्की पाहावी. तिच्यात विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघतात, म्हणून विद्यापीठांची यादी करतानाच ते तपासा.

निकालानंतरचे पैसे

अर्जाचे ३०,००० येन आधीच गेलेले असतात. निकाल लागला की प्रवेशशुल्क २,८२,००० भरायला बहुधा दोन ते चार आठवडे मिळतात. न गेलात तरी ते परत येत नाही. शैक्षणिक कर्जाची फाइल निकालानंतर उघडली तर मंजुरी या मुदतीत बसत नाही. बँकेशी बोलणं आणि तारणाचे कागद आधीच करून ठेवा, किंवा ही पहिली रक्कम घरच्या बचतीतून भरायची तयारी ठेवा.

पैसे पाठवताना येनमध्येच पाठवा आणि दोन्हीकडचं बँकशुल्क आपल्याकडे घ्या. वायर ट्रान्सफरच्या फॉर्मवर तो पर्याय ‘अवर’ (OUR) नावाने असतो. तसं न केल्यास मधली बँक दोन-तीन हजार येन कापते, विद्यापीठाकडे रक्कम कमी पोहोचते आणि त्यांच्या हिशोबी फी भरलेलीच नसते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी हे कळलं तर काही करता येत नाही. चार-पाच कामाचे दिवस हातात ठेवून पाठवा.

यानंतर विद्यापीठ तुमच्यासाठी सीओई, म्हणजे वास्तव्याच्या पात्रतेचं प्रमाणपत्र, इमिग्रेशनकडून मागवतं. त्यासाठी खर्च उचलणाऱ्याचा बँकेतला शिल्लक दाखला, उत्पन्नाचा पुरावा, नात्याचा पुरावा द्यावा लागतो. इथे सगळ्यात जास्त शंका एका गोष्टीवर घेतली जाते: महिनाभरापूर्वी अचानक आलेली मोठी रक्कम. मुदतठेव मोडली, जमीन विकली, काकांनी मदत केली, जे असेल त्याचा कागद जोडा. सीओईला एक ते तीन महिने लागतात. आता ते ईमेलनेही येतं. सीओई जारी झाल्यापासून तीन महिनेच चालतं, त्या आत व्हिसा काढून जपानमध्ये पाऊल ठेवायचं. महाराष्ट्रातल्यांचा व्हिसा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. सीओई हातात असेल तर हा टप्पा सोपा आहे.

सामान

टोकियोत वीज १०० व्होल्टची, प्लग दोन चपट्या पिनांचा. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे कुंथतो, नेऊ नका. वसतिगृहांत बऱ्याचदा इंडक्शन शेगडी असते, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही. तीन लिटरचा इंडक्शन-तळाचा स्टीलचा कुकर मात्र आणाच. ताजा कढीपत्ता, फळं, मांसाचे पदार्थ विमानतळावर अडकतात. तूरडाळ, गोडा मसाला, पोहे सुरुवातीपुरते पुरेत, कारण टोकियोतल्या निशि-कासाईत भारतीय वस्ती आणि दुकानं आहेत. ते तोझाई या मेट्रो लाइनवर आहे, आणि वासेदाही त्याच लाइनवर. शाकाहाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की भाज्यांच्या रश्श्यातही बहुधा माशाचं ‘दाशी’ असतं.

औषधं: डॉक्टरने लिहून दिलेली एक महिन्याची, साधी दोन महिन्यांची, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन आहे का ते पाहून घ्या. यांवर कडक निर्बंध आहेत.

पहिले चौदा दिवस

नारिता किंवा हानेदा विमानतळावर रेसिडेन्स कार्ड जागेवरच मिळतं. तिथेच अर्धवेळ कामाच्या परवानगीचा फॉर्म भरून द्या. फुकट असतो, विमानातच भरून ठेवता येतो. विसरलात तर नंतर इमिग्रेशन कचेरीत अर्धा दिवस आणि आठवड्यांची वाट.

राहायची जागा ठरल्यापासून १४ दिवसांत ‘कुयाकुशो’, म्हणजे प्रभाग कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्याच फेरीत तीन कामं उरका. राष्ट्रीय आरोग्य विमा: दवाखान्याच्या बिलातले ३० टक्केच तुम्ही भरता, आणि उत्पन्न नसल्याचं जाहीर केलं की हप्ता अगदी कमी होतो. जाहीर केलं नाही तर सवलत लागू होत नाही. मग राष्ट्रीय पेन्शन: वय २० पूर्ण असेल तर तुम्हालाही लागू आहे आणि २०२५ च्या आर्थिक वर्षात हप्ता महिन्याला १७,५१० येन होता. विद्यार्थ्यांसाठीची सवलत तिथेच मागा. केनक्यूसेईंना ती लागू होत नाही, त्यांनी सर्वसाधारण माफीचा अर्ज करायचा. पाकीट घरी आलं आणि दुर्लक्ष केलं, असं करू नका. तिसरं, रहिवासी दाखल्याच्या दोन प्रती काढून ठेवा.

फोन आणि बँक यांचं एक कोडं आहे: बँक जपानी नंबर मागते, फोन कंपनी बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड मागते. सुरुवात फोनपासून करा. परदेशी विद्यार्थ्यांसाठीची सिम मिळतात, ज्यांचं बिल कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानात रोख भरता येतं. मग टपाल बँकेत खातं. जपानमध्ये सहा महिने होईपर्यंत खात्यावर मर्यादा असतात.

खोली

खरा खड्डा इथे आहे. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबत होत नाही, वेगळा भरावा लागतो आणि मुदत लवकर संपते. भाडं ३० ते ५० हजार येन. मिळालं तर पहिल्या वर्षाचा मोठा प्रश्न सुटला.

नाही मिळालं तर ६०,००० भाड्याच्या एका खोलीचा हिशोब असा: शिकिकिन (अनामत) ६०,०००, रेइकिन (घरमालकाला दिलेली, कधीच परत न येणारी रक्कम) ६०,०००, दलाली कर धरून ६६,०००, हमीदार कंपनी ३० ते ६० हजार, पहिलं भाडं ६०,०००, आगविमा आणि कुलूपबदल मिळून ४०,०००. म्हणजे किल्ली हातात येईपर्यंत सव्वातीन लाख येन. आणि आत दिवा, शेगडी, फ्रिज काहीच नसतं. दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचं एक भाडं वेगळं. म्हणून आमचा सल्ला: पहिले सहा महिने शेअर हाउस, अनामत ३० ते ५० हजार आणि सामान असलेलं. नंतर शहर कळल्यावर रेइकिन नसलेली जागा शोधा. पश्चिमेला तामा भागात, हाचिओजीकडे भाडी बरीच उतरतात, मात्र रेल्वेचा पास आणि दिवसाचे दोन तास त्यात मिळवून बघा.

सगळं जोडलं तर राष्ट्रीय विद्यापीठात स्वखर्चाने आणि खासगी खोलीत उतरणाऱ्याला अर्ज, प्रवेशशुल्क, सहामाही फी (२,६७,९००), खोली, भांडीकुंडी आणि दोन महिन्यांचं जेवणखाण मिळून साडेअकरा ते बारा लाख येन, म्हणजे साधारण साडेसहा ते सात लाख रुपये, विमानभाडं सोडून, आधीच लागतात. पुढे महिना १,१०,००० ते १,४०,००० येनमध्ये भागतो. दोन वर्षांचं मास्टर्स एकूण २५ ते २८ लाख रुपयांत बसतं.

काम करून किती भरून निघेल? परवानगी आठवड्याला २८ तासांची, मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तासांची. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून ताशी १,२२६ येन आहे. आठवड्याला २० तास केले तर महिन्याला लाखभर येन. भाडं आणि जेवण निघेल, फी निघणार नाही. जपानी न येणाऱ्याला पहिल्या सहा महिन्यांत काम मिळणंही अवघड, म्हणून जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ (खालून दुसरी) पातळी तरी इथूनच करून जा. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, मुंबई आणि पुण्यातही केंद्रं आहेत. २८ तासांची मर्यादा मोडू नका. व्हिसाची मुदत वाढवताना उत्पन्नाचे दाखले तपासले जातात आणि दोन ठिकाणच्या कामाचे तास एकत्रच मोजले जातात.

पहिल्या सुट्टीत घरी येताना जपानच्या विमानतळावर मिळणाऱ्या निर्गमन कार्डावर (रेसिडेन्स कार्डावर नव्हे) विशेष पुनर्प्रवेशाच्या चौकटीत खूण करा आणि वर्षाच्या आत परता. ती खूण राहिली तर विद्यार्थी म्हणून मिळालेला दर्जा तिथेच संपतो, आणि सीओईपासून सगळं पुन्हा सुरू करावं लागतं.