आमच्या घरात १९७० सालचा मोबाइल फोटो

काल रात्री बाबांच्या जुन्या हार्डडिस्कमधले फोटो पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टने नव्या लॅपटॉपवर घेतले. सकाळी पाहतो तर सगळ्यांवर कालचीच तारीख! ताईचं लग्न, फुटाळा तलावावरचे वाढदिवस, दीक्षाभूमीची गर्दी, सगळं एकाच रात्रीत उरकलेलं.

चूक माझीच. पायथनच्या शटिल (shutil) या फाइली हलवायच्या लायब्ररीतलं साधं ‘कॉपी’ वापरलं. ‘कॉपी२’ वापरलं असतं तर फाइलच्या शेवटच्या बदलाची वेळ सोबत आली असती. तोवर डिस्क फॉरमॅट करून भाच्याला देऊन मोकळा झालो होतो. (हो, घाई नडते, आई हेच म्हणाली.)

मग आठवलं, कॅमेरा फोटोच्या आत एक्झिफ नावाच्या नोंदीत तो काढल्याची वेळ लिहून ठेवतो. ती वाचायची, सेकंदांत बदलायची आणि ओएस.यूटाइम (os.utime) या फाइलच्या वेळा बदलणाऱ्या फंक्शनला द्यायची. आधी फाइल वाचल्याची वेळ, मग बदलाची. दोन्ही एकदम द्याव्या लागतात, म्हणून दोन्हीकडे तीच टाकली. लिनक्समधली सीटाइम, म्हणजे फाइलच्या माहितीत शेवटचा बदल झाल्याची वेळ, मात्र हाती लागत नाही, ती सिस्टिम आपली आपण ‘आत्ता’ करते.

स्क्रिप्ट चालली, मी तर्री पोह्याला गेलो. परत येतो तर बाबा स्क्रीनसमोर. “काहून रे, १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच? तेव्हा आपल्याकडे सायकल नव्हती बे!”

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत एक्झिफच नव्हतं. माझ्या कोडने तिथे शून्य दिला, आणि युनिक्स पद्धतीत सेकंद मोजतात ते १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून, म्हणून तिचा शून्य म्हणजे आपल्याकडची ती पहाट. नशीब, त्यांच्या नावातच तारीख असते. आता तिथून काढतोय, ३०० उरलेत.